ब्रॉन्कोस्कोपी, बीएएल आणि आमचा कूलर

27 जून 2024 ला बाबांची ब्रॉन्कोस्कोपी झाली, म्हणजे नळी घालून फुफ्फुसात आतून बघितलं, आणि त्यातच ‘बीएएल’ केलं, म्हणजे फुफ्फुसाचा एक भाग सलाइनने धुऊन ते पाणी तपासायला घेतलं. चिठ्ठीवर ही तीन अक्षरं पाहिली तेव्हा घरात कोणालाच काही कळलं नव्हतं, आणि विचारावं असं ओळखीत कोणी नव्हतं. आता सगळं पार पडलंय, फाईल समोर आहे, म्हणून सुरुवातीपासून लिहून काढते. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. आकडे बाबांच्या रिपोर्टांमधले आहेत आणि खर्च नागपूरचा, 2024 चा. औषधांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

बाबा 71 वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. आयुष्यात सिगारेट ओढली नाही. 2016 मध्ये हृदयात एक स्टेंट बसला, त्याच्या गोळ्या चालू. खोकला पहिल्यांदा लागला तो 2023 च्या उन्हाळ्यात. कोरडा, रात्री जास्त. सिरप झालं, अँटिबायोटिक झालं, आईचा अडुळशाचा काढा झाला. पाऊस पडायला लागला तसा खोकला आपोआप ओसरला आणि आम्ही तो विसरून गेलो. एप्रिल 2024 मध्ये तो परत आला, आणि या वेळी दम सोबत घेऊन आला. पहिल्या मजल्यावर चढून आले की बाबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहायचे, आणि आम्ही बघतोय हे लक्षात आलं की खिशात किल्ली शोधल्यासारखं करायचे. संध्याकाळी अंग कणकण करायचं. पँट ढिली होऊ लागली.

एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांत धूसर दिसत होतं. आपल्याकडे असा एक्स-रे दिसला की पहिला संशय टीबीचा, आणि तो यायलाच हवा. थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी क्षयरोग केंद्रात मोफत होते, ती केली. निगेटिव्ह आली. तरीही ज्या डॉक्टरांकडे आम्ही आधी जात होतो ते म्हणाले, एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू करून टाकू, सहा महिने घेऊन बघा. बाबा तयारही झाले होते. पुण्याहून भाऊ फोनवर अडून बसला की टीबी सापडलाच नाही तर सहा महिने लिव्हरवर भार कशाला, आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा. त्याचं ऐकलं हे बरं झालं.

17 मेला धंतोलीतल्या एका चेस्ट फिजिशियनची वेळ मिळाली. तपासणी फी 800 रुपये, आणि वेळ दिलेली असूनही दोन तास बसावं लागलं. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांनी अजिबात घाई केली नाही. पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि मग प्रश्नांची सरबत्ती. घरात कबुतरं आहेत का? पोपट? पिसांची उशी? भिंतीला ओल, बुरशी? शेतीत काम, कडबा, धान्याचं कोठार? कोणत्या गोळ्या, किती वर्षं? सांधे दुखतात का? आणि मग, “कूलर कोणत्या खोलीत आहे?”

आम्ही दोघंही हसलो. नागपुरात कूलर कोणाकडे नाही? डॉक्टर हसले नाहीत. किती वर्षांचा, ताट्या (बाजूच्या, पाणी झिरपणाऱ्या गवताच्या जाळ्या) कधी बदलता, टाकीतलं पाणी पूर्ण काढता का वरून भरत राहता, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. कूलर बारा वर्षांचा, लोखंडी, खिडकीत कायमचा बसवलेला. ताट्या होळीच्या सुमारास बदलायच्या. टाकी रिकामी कोण करतं? पाणी कमी झालं की पाइप सोडायचा. आणि बाबांचा पलंग त्याच्या अगदी तोंडासमोर.

एक सांगते. अशा वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या सवयी सांगू शकेल असं माणूस सोबत न्या. बाबांना ताट्यांचं काही माहीत नव्हतं, उत्तरं आईने फोनवर दिली.

मग तपासण्या सुरू झाल्या. एचआरसीटीला, म्हणजे फुफ्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनला, 4,800 रुपये लागले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं होतं की श्वास घेऊन आणि श्वास सोडून असे दोन्ही फोटो घ्या. सेंटरवरचा मुलगा नेहमीप्रमाणे एकच काढून मोकळा होणार होता, चिठ्ठी पुढे केली तेव्हा दुसरा काढला. पुढे कळलं की महत्त्वाचं ते त्या दुसऱ्यातच होतं: श्वास सोडल्यावरही फुफ्फुसाच्या काही भागांत हवा अडकून राहत होती. फिल्मसोबत सीडी मागून घ्या, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तीच लागते.

पीएफटी, म्हणजे फुंकायची तपासणी, डीएलसीओसकट (फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ते) 2,600 रुपये. टेक्निशियन बाई ओरडून ओरडून फुंकायला लावतात, “अजून, अजून, सोडू नका काका!” आणि बाबा मध्येच खोकायला लागले की परत पहिल्यापासून. एफव्हीसी, म्हणजे दम भरून फुंकलेली एकूण हवा, अपेक्षेच्या 61 टक्के, डीएलसीओ 48 टक्के. सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालवलं तर ऑक्सिजन 94 वरून 87 वर आला. हा आकडा पाहून मी पहिल्यांदा खरी घाबरले. घरी बसल्या बसल्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आम्ही “94 आहे, चांगलं आहे” म्हणत होतो. रक्ताच्या तपासण्यांमध्ये एएनए, आरए फॅक्टर वगैरे (संधिवातासारखे आजार शोधायला) मिळून 6,200 रुपये गेले. त्या सगळ्या नॉर्मल आल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी सगळे कागद टेबलावर पसरून समजावलं. सीटीवरून आणि कूलरच्या गोष्टीवरून त्यांचा संशय हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसवर होता. हवेतून आत जाणाऱ्या बुरशी, जिवाणू, पक्ष्यांची विष्ठा अशा गोष्टींवर काही जणांचं शरीर भलतंच चवताळतं आणि फुफ्फुसाला सूज येते, ती ही. पण सार्कॉइडोसिस (फुफ्फुसात सुजेच्या बारीक गाठी होणारा दुसरा एक आजार) असू शकतो, आणि टीबी किंवा दुसरा संसर्ग अजून पुरता बाद झालेला नाही. औषध स्टेरॉइडचं द्यावं लागणार, आणि आत टीबी लपलेला असेल तर स्टेरॉइडने तो भडकेल. म्हणून आत जाऊन बघायचं. फुफ्फुसाच्या एका भागात सलाइन सोडायचं, परत ओढून घ्यायचं आणि त्यात कोणत्या पेशी किती आहेत ते मोजायचं. ब्रॉन्कोअल्व्हिओलर लव्हाज, म्हणजेच बीएएल.

मोजून काय कळतं, हे मी तिथेच विचारलं. निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या त्या पाण्यात 85 टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज असतात, म्हणजे धूळ-कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी. बाकी पांढऱ्या पेशींचे प्रकार: लिम्फोसाइट 10 ते 15 टक्के, न्यूट्रोफिल 3 टक्क्यांपर्यंत, इओसिनोफिल फार तर 1. लिम्फोसाइट 25 च्या वर गेले तर संशयाची यादी लहान होते: सार्कॉइड, हायपरसेन्सिटिव्हिटी, एखाद्या औषधाची रिअॅक्शन, अशी. 50 च्या वर गेले तर आणखी लहान. इओसिनोफिल 25 टक्के किंवा जास्त निघाले तर गाडी वेगळ्याच रुळावर जाते, आणि न्यूट्रोफिल फार वाढले तर संसर्ग किंवा ताजी इजा शोधायची. “पण नुसत्या काउंटवर मी निदान करणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “काउंट, सीटी आणि तुमचा कूलर, तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तरच.”

घरी आल्यावर नातेवाइकांचे फोन सुरू झाले. “फुफ्फुसात पाणी झालं म्हणे?” आईने किमान दहा जणांना सांगितलं असेल की पाणी झालेलं नाही, डॉक्टरच सोडणार आहेत आणि परत काढणार आहेत. त्याने लोक जास्तच घाबरत होते. बाबांची भीती निराळी. त्यांना वाटे की नळी गेली की श्वासच बंद होईल. नळी बोटापेक्षा बरीच बारीक असते, बाजूने हवा जात राहते आणि वरून ऑक्सिजनही लावतात, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, मीही सांगितलं. पटलं नाही ते नाहीच.

तारीख लगेच मिळाली नाही, कारण बाबांची स्टेंटची गोळी, क्लोपिडोग्रेल. नुसतं पाणी काढायला ती अडत नाही, पण गरज पडली तर फुफ्फुसाचा तुकडाही घेता यावा असं डॉक्टरांना हवं होतं, आणि मग रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर आधी बंद हवी. ती आपल्या मनाने बंद करायची नसते. कार्डिओलॉजिस्टची लेखी चिठ्ठी लागते, आणि आमचे कार्डिओलॉजिस्ट गावाला गेलेले. चिठ्ठी मिळाली त्यात लिहिलं होतं: क्लोपिडोग्रेल 20 जूनपासून थांबवा, अॅस्पिरिन चालू ठेवा. तुमच्या रुग्णाला स्टेंट असेल तर हे काम पहिल्या दिवशीच हाती घ्या, बाकी सगळं त्याच्यासाठी खोळंबतं.

त्याच आठवड्यात मेडिक्लेमचं काम. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याची कामं बघणाऱ्या काउंटरवर, फॉर्म भरला, आधार, पॉलिसी, सीटीचा रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र जोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला, कॅशलेस नामंजूर, कारण ‘एक्सक्लूजन कोड 04’. पॉलिसीची छापील प्रत काढून वाचली तर तिथे होतंच: केवळ तपासणी आणि निदानासाठी अॅडमिट झाल्यास खर्च मिळणार नाही. ही अट बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत सारख्या कोडने छापलेली असते. म्हणजे आजार कळल्यावर पैसे, आजार कळून घ्यायला नाही. डेस्कवरची मुलगी भली होती. तिने सुचवलं, बिलं मूळ स्वरूपात जपून ठेवा. पुढे याच आजारासाठी अॅडमिट व्हावं लागलं तर अॅडमिट होण्याआधीच्या खर्चात ती लावता येतात, त्याला दिवसांची मर्यादा असते तेवढी पाहा. सुदैवाने बाबा नंतर अॅडमिट झालेच नाहीत, आणि त्यामुळे पैसेही मिळाले नाहीत.

ब्रॉन्कोस्कोपीच्या आधी प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी आणि 2डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इको मागच्याच वर्षीचा चालला नाही, नवा करावा लागला.

27 जून, गुरुवार. डॉक्टरांनी गुरुवार मुद्दाम निवडला होता. पेशी मोजायच्या तर सॅम्पल ताजं लागतं, शनिवारी दुपारी काढून रविवारभर फ्रीजमध्ये पडून राहिलं तर पेशी फुटतात. मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही, सकाळी घोटभर पाण्यासोबत फक्त प्रेशरची गोळी. साडेआठला पोहोचलो. कवळी काढून माझ्या पर्समध्ये. संमतीपत्र इंग्रजीत होतं. बाबांनी “मराठीत द्या” म्हटल्यावर सिस्टरने कपाटातून मराठीतलं काढून दिलं. असतं, मागावं लागतं.

आधी लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, वाफ दिली, मग नाकात जेल, घशात स्प्रे. स्प्रे जबरदस्त कडू असतो आणि त्यानंतर घसा सुजल्यासारखा, गिळता न आल्यासारखा वाटतो. तेव्हा रुग्ण घाबरतो. ते बधिर झाल्याचं लक्षण आहे, हे बाबांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही. मग शिरेतून झोपेचं इंजेक्शन आणि त्यांना आत नेलं. आतलं बाबांना फार आठवत नाही. खोकला खूप आला, छातीत गार गार वाटलं आणि कोणीतरी “झालंच काका, झालंच” म्हणत होतं, एवढंच.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. मधल्या काळात ऑक्सिजन 86 पर्यंत उतरला होता, म्हणून तुकडा घेतला नाही, फक्त धुऊन घेतलं. उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या भागात थोडंथोडं करत एकूण 150 मिली सलाइन सोडलं, 68 मिली परत आलं. 30 टक्क्यांच्या वर परत आलं की मोजणीवर भरवसा ठेवता येतो, आपलं 45 टक्के आहे, असं ते म्हणाले. तुकडा न मिळाल्याचं मला वाईट वाटलं. त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

आता जो भाग मला कोणीच आधी सांगितला नव्हता तो. सिस्टरने माझ्या हातात थर्माकोलचा डबा दिला. आत बर्फाच्या पिशव्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. “मायक्रोबायोलॉजीचं, म्हणजे जंतूंचं, आमच्या इथेच होईल. ही सायटॉलॉजीची, पेशी बघायची, रामदासपेठेत नेऊन द्या. तासाभरात.” मोठ्या हॉस्पिटलात हे सगळं आतल्या आत होतं, पण लहान ठिकाणी सॅम्पल नातेवाइकांनाच न्यावं लागतं. मी बाटली उजेडात धरून पाहिली. दुधी, किंचित गढूळ पाणी, आणि वर पांढरा फेस तरंगत होता. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. सिस्टर म्हणाली, फेस यायलाच पाहिजे ताई, फेस म्हणजे पाणी अगदी खालपर्यंत, वायुकोशांपर्यंत जाऊन आलं.

आई बाबांजवळ थांबली आणि मी मुलाच्या स्कूटीवर मागे डबा मांडीवर घेऊन. धंतोली ते रामदासपेठ अंतर काहीच नाही, पण लोकमत चौकात सिग्नल लागला आणि वरून पाऊस. डबा ओढणीखाली धरला होता, जणू ओढणीने काही होणार होतं.

लॅबच्या काउंटरवरच्या टेक्निशियनने फॉर्म पाहिला आणि थांबला. फॉर्मवर नुसतं ‘बीएएल फ्लुइड, सायटॉलॉजी’ होतं. म्हणाला, “मॅडम, एवढंच लिहिलं तर आमच्याकडे फक्त कॅन्सरच्या पेशी बघतात. तुमच्या डॉक्टरांना डिफरन्शियल काउंट, कोणत्या पेशी किती ते, हवाय का?” मी तिथूनच फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या रुग्णासोबत आत होते, त्यांच्या असिस्टंटने व्हॉट्सअॅपवर दुरुस्त फॉर्म पाठवला. त्या पोराने विचारलं नसतं तर ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असा एका ओळीचा रिपोर्ट हातात आला असता आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते राहूनच गेलं असतं. तेव्हा फॉर्मवर ‘डिफरन्शियल सेल काउंट’ हे शब्द स्वतः डोळ्यांनी पाहा. आणि काउंटच्या बाटलीत कोणी फॉर्मलिन (नमुना टिकवायचं रसायन) तर टाकलं नाही ना, तेही विचारा. तुकड्यासाठी फॉर्मलिन लागतं, या काउंटसाठी नको असतं. लॅबचे 1,900 रुपये. हॉस्पिटलचं ब्रॉन्कोस्कोपीचं बिल 18,500, आणि कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं), सीबीनॅट, बुरशीच्या तपासण्यांचे वेगळे 5,400.

परत आले तर बाबा उठून बसले होते आणि चहा मागत होते. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दोन तास, पाणीसुद्धा द्यायचं नसतं, ठसका लागून श्वासनळीत जाऊ शकतं. संध्याकाळी घरी सोडलं. रात्री आठला ताप 101. आईने देवघरातला दिवा लावला आणि माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की पाणी सोडल्यावर पहिल्या रात्री ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉल द्या, चोवीस तासांत उतरेल. उतरला नाही, छातीत दुखलं किंवा दम वाढला तर लगेच या. सकाळपर्यंत ताप उतरला. हे आधी माहीत नसतं तर आम्ही रात्रीच कॅज्युअल्टी गाठली असती.

सीबीनॅट दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह आली. साधं कल्चर तीन दिवसांनी, काही वाढलं नाही. टीबीचं कल्चर मात्र सहा आठवडे ठेवतात, त्याला इलाज नाही.

पेशींचा रिपोर्ट 1 जुलैला, सोमवारी मिळाला. मी स्वतः घ्यायला गेले, कारण मोबाइलवर आलेलं कळेना. मॅक्रोफेज 38, लिम्फोसाइट 54, न्यूट्रोफिल 6, इओसिनोफिल 2. खाली कॅन्सरच्या पेशी नाहीत, आणि ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ हे ठरलेलं वाक्य. पॅथॉलॉजिस्ट मॅडम मोकळ्या होत्या. मी विचारलं, मला बघायला मिळेल का? त्यांना नवल वाटलं असावं, पण त्यांनी स्लाइड लावली.

निळ्या-जांभळ्या रंगात रंगवलेल्या पेशी. मोठ्या, ऐसपैस, कडा वेड्यावाकड्या, केंद्रक एका बाजूला सरकलेलं आणि भोवती फिकट जागा, ती फेसाळ, बुडबुडे भरल्यासारखी: हे मॅक्रोफेज. त्यांच्या अवतीभवती बारक्या, गडद, गोल पेशी, ज्यांत केंद्रकाने जवळपास सगळी जागा व्यापलेली, कडेला निळी रेघ तेवढी: हे लिम्फोसाइट. मॅडम म्हणाल्या, एरवी इथे मोठ्यांचंच राज्य असतं, बारक्या शोधाव्या लागतात. मला शोधाव्या लागत नव्हत्या. जिथे नजर टाकावी तिथे होत्या. त्यांनी शेजारचं काउंटर दाखवलं, कॅल्क्युलेटरसारखं, प्रत्येक पेशीला एक बटण. मशीन हे नीट करत नाही, डोळ्यांनी बघत एकेक करून निदान 400 पेशी मोजायच्या. घशातून आलेल्या चपट्या पेशी जास्त दिसल्या तर सॅम्पल वरवरचं आहे असं धरतात. बाबांच्या स्लाइडवर त्या जवळपास नव्हत्या. मी विचारलं, सार्कॉइड की हायपरसेन्सिटिव्हिटी हे यातून कळतं का? त्या म्हणाल्या, सीडी4-सीडी8 चं, म्हणजे लिम्फोसाइटच्या दोन प्रकारांचं, प्रमाण काढता येतं, सार्कॉइडमध्ये ते बहुतेक वेळा वाढतं, पण दोन्हीकडे अपवाद भरपूर. तुमच्या डॉक्टरांनी मागितलेलं नाही, म्हणजे सीटीवरून त्यांना त्याची गरज वाटली नसेल.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे. त्यांनी सीटीवाल्या डॉक्टरांशी आणि या मॅडमशी आधीच फोनवर बोलून घेतलं होतं. संसर्ग नाही, सीटीमध्ये हवा अडकल्याचे डाग आणि बारीक गाठी, लिम्फोसाइट 54 टक्के, आणि दोन उन्हाळे ओळीने कूलरसोबत खोकला. तुकड्याची गरज नाही. निदान हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आणि व्रण अजून फारसे पडलेले नाहीत, म्हणजे वेळेत आलात. टीबीचं कल्चर बाकी असलं तरी थुंकी आणि बीएएल दोन्हींची सीबीनॅट निगेटिव्ह असल्याने त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं. प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅम, सोबत पित्ताची गोळी, कॅल्शियम, आणि आठवड्याला साखर तपासणे.

“आणि कूलर?” आईने विचारलं.

“गोळीपेक्षा तो महत्त्वाचा. तो राहिला तर गोळी कामाची नाही.”

बाबा इतका वेळ गप्प होते, आता बोलले, “मंग नागपुरात उन्हाळा कसा काढाचा, डॉक्टर साहेब?”

त्यावर डॉक्टरांनी सांगितलं ते मी नंतर शोधून वाचलं. 2017 मध्ये भारतातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांमधल्या 1,084 रुग्णांची एक नोंद प्रसिद्ध झाली. फुफ्फुसाच्या आतल्या जाळीला सूज किंवा व्रण असलेले हे सगळे रुग्ण. त्यांतल्या सुमारे 47 टक्क्यांना हाच आजार निघाला, आणि अशांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरी कूलर होता. कबुतरांचं नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. आपल्या विदर्भात कूलरबद्दल मात्र कोणी शब्द काढत नाही.

त्या रविवारी मुलाने आणि खालच्या वॉचमनने मिळून कूलर खिडकीतून उतरवला. बाबांना त्या वेळी शेजारी नेऊन बसवलं होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, आणि पोरांनीही मास्क लावला होता. ताट्या मार्चमध्येच बदललेल्या, वरून सोनेरी. मागून उलटवल्या तर तळाकडचा हातभर भाग काळा पडून चिकट झालेला. टाकीच्या तळाशी हिरवट गाळ, त्यात गंजाचे पापुद्रे, आणि वास असा की वॉचमन म्हणाला, “बाप्पा, हे हवा खाऊन राहिले होते का काका?” डॉक्टरांना फोटो पाठवला आणि विचारलं, याची तपासणी करायची का? गरज नाही, तिथे बुरशी सापडली तरी तीच कारण होती हे सिद्ध होत नाही, असं उत्तर आलं. कूलर भंगारात दिला. शेजारी मागत होते, दिला नाही.

टीबीच्या कल्चरचा शेवटचा रिपोर्ट ऑगस्टमध्ये आला, निगेटिव्ह. तोवर बाबा जिना न थांबता चढत होते. स्टेरॉइडने साखर वाढली, चेहरा सुजला, रात्री झोप उडाली आणि बाबा पहाटे तीनला उठून कपाटं लावायला लागले. डोस कमी होत गेला तसं तेही कमी झालं. सप्टेंबरमध्ये एफव्हीसी 74 टक्के. मार्च 2025 मध्ये गोळी पूर्ण बंद झाली. पहिली कसोटी 2025 चा उन्हाळा होता. बैठकीत एसी बसवला, 41 हजार, आणि त्याचं बिल पाहून वीज मंडळाचा निवृत्त माणूस रोज मीटर बघायला जातो. खोकला आला नाही. डीएलसीओ 63 वर आहे. तो पूर्ण पूर्ववत होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी फुंकायला जायचं आहेच. फ्लूची आणि न्यूमोनियाची लसही घेतली.

आमच्या बिल्डिंगमधले लोक आता विचारतात, आम्हीही कूलर काढायचा का? मी हेच डॉक्टरांना विचारलं होतं. बहुतेकांना कूलरने काही होत नाही, घाबरून फेकू नका, असं ते म्हणाले. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, ताट्या दर वर्षी बदला, हंगाम संपला की पाणी काढून कोरडा करून ठेवा, पलंग समोरून हलवा. पण घरातल्या कोणाला दर उन्हाळ्यात खोकला लागत असेल आणि पावसाळ्यात तो जात असेल, तर सिरप बदलत बसू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कूलरचं त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.